शास्त्रीय लेखनातील शब्दयोजना : ‘मोलरता’ या संज्ञेचे उदाहरण



ललित लेखनात एका शब्दाला अनेक अर्थच्छटा असणे हा गुण ठरतो. शास्त्रीय लेखनात तोच दोष ठरतो. द्रावणाची मोलरता काढण्याच्या कृतीवरून हे आपण पाहू. त्यासाठी रसायनशास्त्राच्या पूर्वज्ञानाची आवश्यकता नाही.

संज्ञांची घडण

‘द्रु’ (वाहणे, वितळणे) या संस्कृत धातूपासून तीन संज्ञा सिद्ध झाल्या आहेत. विरघळतो तो पदार्थ ‘द्राव्य’, विरघळवतो तो ‘द्रावक’ आणि दोहोंचे एकजीव मिश्रण ते ‘द्रावण’. सरबतात साखर हे द्राव्य व पाणी हे द्रावक होय. पाच्य आणि पाचक ही जोडी आठवल्यास प्रत्ययांचे कार्य आपल्या ध्यानात येईल.

मोलरतेचे गणित

एक लिटर द्रावणात द्राव्याचे जितके मोल असतात, तितकी त्या द्रावणाची मोलरता. साखरेच्या एका मोलाचे वस्तुमान ३४२ ग्रॅम असते. आता ६८.४ ग्रॅम साखर विरघळवून ५०० मिलिलिटर द्रावण तयार केले, असे समजा.

१. मोल = ६८.४ ÷ ३४२ = ०.२
२. घनफळ = ५०० ÷ १००० = ०.५ लिटर
३. मोलरता = ०.२ ÷ ०.५ = ०.४

एका शब्दाचा फरक

पुढील दोन वाक्ये लक्षपूर्वक वाचा.

(अ) ३४२ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून द्रावणाचे घनफळ एक लिटर करा.
(आ) एक लिटर पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळवा.

वरवर पाहता दोन्हींचा आशय एकच वाटतो. परंतु साखरही जागा व्यापते. त्यामुळे (आ) प्रमाणे केल्यास द्रावणाचे घनफळ सुमारे १.२१ लिटर होते आणि मोलरता १ न राहता सुमारे ०.८३ होते. (अ) मध्ये ‘एक लिटर’ हे माप द्रावणाचे आहे, (आ) मध्ये द्रावकाचे. व्याकरणदृष्ट्या दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत. चूक आहे ती अर्थाची.

उद्या आपणांपैकी कोणी पाठ्यपुस्तकाचा किंवा प्रयोगशाळेतील सूचनांचा अनुवाद करील. वाचणारा आपल्या शब्दांवर विसंबून मोजमाप करील, हे विसरू नये.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. १७१ ग्रॅम साखर असलेल्या २ लिटर द्रावणाची मोलरता काढा. (उत्तर : ०.२५)
२. वाक्य (आ) मध्ये कमीत कमी बदल करून ते (अ) शी समानार्थी करा.