खाजकुयली ओळखूया : खाज कशाची, औषध कशात आणि विकताना काय पाहायचं



या अंकातल्या पाठासाठी आपण एक अशी वेल घेतली आहे, जिचं नुसतं नाव काढलं तरी अंग खाजवायला लागतं. कुणी तिला खाजकुयली म्हणतं, कुणी खाजकुहिली, कुणी नुसतीच कुयली. आयुर्वेदात तिची दोन नावं आहेत : कपिकच्छू, म्हणजे माकडालाही खाज आणणारी, आणि आत्मगुप्ता, म्हणजे स्वतःची राखण स्वतः करणारी. व्यापारी तिच्या बियांना कवचबीज किंवा कौंचबीज म्हणतात. नावं किती का असेनात, वेल एकच.

म्हशाच्या जत्रेच्या सुमाराला मुरबाड-शहापूरच्या रानात हिच्या शेंगा वाळायला लागतात. बिया विकत घेणारे येतात. काही गटांच्या बैठकीत असंही निघतं, की "बी कशाला विकायचं, आपणच ताकदीचं चूर्ण करून विकू." विचार चांगला आहे. पण चूर्ण करण्याआधी त्या बीमध्ये नेमकं काय आहे, हे आपल्याला माहीत पाहिजे. कारण ही साधी ताकदीची पावडर नाही. यात खरंखुरं, जोरकस औषध आहे.

वेल कशी ओळखायची?

खाजकुयली ही वाल, पावटा, तूर यांच्याच घराण्यातली, म्हणजे शेंगवर्गातली. पावसाळ्यात उगवते, कुंपणावर आणि झाडांवर चढते. एका देठाला तीन पानं. पावसाळा सरता सरता गडद जांभळ्या फुलांचे घोस खाली लोंबतात. मग बोटाएवढ्या, थोड्या वाकड्या शेंगा येतात आणि त्यांच्यावर सोनेरी-तपकिरी लव असते. एका शेंगेत साधारण चार ते सहा चकचकीत बिया. वालासारखीच हिच्याही मुळांवर गाठी असतात. त्या गाठीतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीला देतात, म्हणून हिच्या बिनखाजेच्या जाती काही देशांत हिरवळीच्या खतासाठी लावतात.

खाज नेमकी कशाची?

खाज बीमध्ये नसते, ती शेंगेवरच्या लवेत असते. प्रत्येक केस म्हणजे बारीक सुईच. तो कातडीत रुततो आणि त्यातलं म्युकुनेन नावाचं प्रथिन आत शिरतं. हे प्रथिन कातडीतल्या खाजेच्या नसा जाग्या करतं. गांधील चावल्यावर किंवा अंगावर पित्त उठल्यावर जी खाज येते, तिची वाट वेगळी आहे. म्हणून पित्ताची किंवा अॅलर्जीची गोळी घेऊनही या खाजेला म्हणावा तसा उतार पडत नाही.

लव लागली तर चोळू नका, चोळल्यानं केस आणखी आत जातात. कपडे बदला, चिकटपट्टी दाबून केस उचलून काढा, मग साबण आणि भरपूर पाणी. डोळ्यात गेली तर स्वच्छ पाण्यानं बराच वेळ डोळा धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

बीमध्ये काय आहे?

बीमध्ये प्रथिनं भरपूर आहेत. पण तिचं मोल ज्यामुळे आहे तो पदार्थ म्हणजे लेव्होडोपा, थोडक्यात एल-डोपा. वेल तो स्वतःसाठी बनवते, किड्यांनी बी खाऊ नये म्हणून.

आता हा आपल्या कामाचा कसा? आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. हातपाय सुरळीत हलवायला ते लागतं. काही जणांच्या मेंदूत ते बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. मग हात थरथरतो, अंग ताठरतं, पाऊल उचलत नाही, चेहरा कोरा दिसतो. हा कंपवात, डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणतात. आपल्याकडे बरेचदा "वय झालं" म्हणून तो अंगावरच काढला जातो.

मग डोपामिनचीच गोळी का देत नाहीत? कारण रक्तातून मेंदूत जायच्या वाटेवर पहारा आहे, आणि तो डोपामिनला आत सोडत नाही. एल-डोपाला मात्र सोडतो. आत गेल्यावर त्याचंच डोपामिन बनतं. रोग मुळापासून जात नाही, पण माणूस हिंडूफिरू लागतो.

शोध कसा लागला?

१९१३ साली एल-डोपा पहिल्यांदा बाकला नावाच्या शेंगेच्या बियांतून वेगळा काढला गेला. खाजकुयलीच्या बियांत तो आहे हे आपल्याच देशात, मद्रासच्या संशोधकांनी १९३७ साली दाखवलं. कंपवातावर त्याचा उपयोग १९६० नंतर कळला. १९७८ साली मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य यांनी सहकाऱ्यांबरोबर खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण कंपवाताच्या रुग्णांना देऊन त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे लंडनमध्ये आणि बोलिव्हियातही चाचण्या झाल्या, आणि चूर्णाचा परिणाम गोळीसारखाच दिसतो हे पुढे आलं. पण हे सगळं मोजूनमापून आणि डॉक्टरांच्या नजरेखाली झालेलं आहे, हे लक्षात ठेवायचं.

एका चमच्याचा हिशेब

बचतीच्या वहीत आपण रुपयाचा हिशेब ठेवतो, तसा इथे मिलिग्रॅमचा करू. बियांत एल-डोपा साधारण शंभरात २ ते ६ भाग असतो. जमीन, जात, बी किती पिकलं, यावर तो बदलतो.

एक चमचा चूर्ण ५ ग्रॅम धरा.
बी २ टक्क्यांचं असेल तर चमच्यात १०० मिलिग्रॅम.
बी ६ टक्क्यांचं असेल तर चमच्यात ३०० मिलिग्रॅम.

चमचा तोच, रंग तोच, चव तीच, आणि औषध तिप्पट. डॉक्टरांच्या एका गोळीत बहुतेक वेळा १०० मिलिग्रॅम एल-डोपा असतो आणि त्याचा परिणाम सांभाळायला सोबत दुसरं औषधही असतं. त्यामुळे "एक चमचा म्हणजे एक गोळी" असं गणित मांडता येत नाही. जास्त झालं तर मळमळ, उलटी, चक्कर, रक्तदाब उतरणं, अंग आपोआप वळवळणं, भास होणं, असं काहीही होऊ शकतं.

पाणी फेकण्याचं शहाणपण

आफ्रिकेतल्या मोझांबिक देशात याच जातीच्या बिया लोक अन्न म्हणून खातात. त्या पुन्हा पुन्हा उकळायच्या आणि दर वेळी पाणी फेकायचं, अशी तिथली रीत. १९८९ साली तिथे युद्ध होतं, दुष्काळ होता, पाणी मिळत नव्हतं. लोकांनी पाणी न फेकता बिया खाल्ल्या. सुमारे दोनशे जणांना भ्रम झाला, डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

एल-डोपा पाण्यात उतरतो, म्हणून पाणी फेकलं की तो जातो. आपल्याकडे आज्या कडूकंद पाणी बदलून बदलून उकडतात, त्यामागे हेच शास्त्र आहे. आयुर्वेदातही कवचबीज दुधात शिजवून, साल काढून शुद्ध करायला सांगितलंय. कच्चं बी कुटून खा, असं जुन्या जाणत्यांनी सांगितलेलं नाही.

कुणी घेऊ नये?

• गरोदर बाईनं घेऊ नये.
• बाळंतिणीला "ताकद येईल" म्हणून अजिबात देऊ नका. डोपामिन वाढलं की दूध आणणारा संप्रेरक कमी होतो. ताकद द्यायला जाल आणि बाळाचं दूध आटवून बसाल.
• रक्तदाबाची, हृदयाची किंवा मानसिक आजाराची गोळी चालू असेल, काचबिंदू असेल, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.
• कंपवाताची गोळी चालू असेल तर ती बंद करून चूर्ण नको, आणि गोळीसोबत चोरून चूर्ण तर नकोच.

घरात कुणाचा हात बसल्या जागी थरथरत असेल, चाल मंदावली असेल, तर चूर्णाआधी दवाखाना. या रोगाला उपचार आहे.

गोळा करताना आणि विकताना

१. शेंगा सकाळी दव असताना तोडा, ओलसर लव कमी उडते. तोंडाला कापड, पूर्ण बाह्या, हातमोजे. वाऱ्याच्या दिशेला उभं राहू नका, पोरांना सोबत नेऊ नका.
२. वेल मुळापासून उपटू नका. काही शेंगा वेलीवरच राहू द्या, पुढच्या वर्षीचं बी तेच आहे.
३. पूर्ण पिकलेलं बीच घ्या. चांगलं वाळवा. किडकं, बुरशी आलेलं वेगळं काढा. दुसरी बी मिसळू नका.
४. एकेकटीनं दारात पाच किलो विकण्यापेक्षा ग्रामसंघात एकत्र करून वजन करा आणि दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. शहापूरच्या वन धन केंद्रानं गुळवेल अशीच एकत्र गोळा करून औषध कंपन्यांना विकली, ते उदाहरण आपल्या जवळचंच आहे.
५. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिलेला आहे. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडची काही गावं पेसा क्षेत्रात येतात, तिथे ग्रामसभेचा शब्द महत्त्वाचा. विषय ग्रामसभेत मांडा.
६. चूर्ण करून औषध म्हणून विकायचं तर १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना लागतो. परवाना नसताना पाकिटावर "कंपवात बरा", "अशक्तपणा बरा" असलं काही छापू नका. आज आपल्याला परवडणारा आणि सुरक्षित धंदा म्हणजे स्वच्छ, वाळवलेलं, निवडलेलं बी.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

• आपल्या गावात खाजकुयली कुठे कुठे आहे? पाड्यांचा नकाशा काढून खुणा करा.
• मागच्या वर्षी कुणी बी विकलं, किती आणि काय भावानं? वहीत लिहा.
• गावात थरथर असलेली किती म्हातारी माणसं आहेत, आणि त्यातल्या किती जणांना डॉक्टरनं पाहिलंय? आशाताईंना बैठकीला बोलवा आणि ही यादी त्यांच्यासोबत करा.

तिसरा प्रश्न आधी घेतलात तरी चालेल. बी पुढच्या महिन्यातही विकता येईल.