भीष्मांना भेटायला कोण कोण आलं होतं?



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, स्कंध १, अध्याय ९.

रविवारच्या सत्संगात एका मुलाने जरा लाजतच विचारलं, "दादा, माझ्या आवडत्या टीमचे जुने मॅनेजर खूप आजारी आहेत. मी त्यांना कधी भेटलेलो नाही, भेटणारही नाही. तरी रात्री झोप लागत नाही. हा मोहच ना?" दोघं-तिघं हसले. मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी हा अध्याय उघडला.

युद्ध संपलंय. युधिष्ठिर जिंकलेत, पण मन शांत नाही. ते कुरुक्षेत्रावर जातात, जिथे पितामह शरशय्येवर पडले आहेत. मागोमाग भाऊ रथांतून निघतात, व्यास आणि धौम्य येतात, नारद येतात, परशुराम शिष्यांसह येतात. अर्जुनाबरोबर स्वतः श्रीकृष्ण येतात. ही यादी आपण वाचताना भराभर सोडून देतो. आज सोडू नका. या गर्दीत पांडव कोण आहेत? समोरच्या बाजूने लढलेले. भीष्मांच्या अंगात जे बाण रुतलेत, त्यातले कितीतरी अर्जुनाचेच. आणि तोच आज भेटायला आलाय. भीष्मही कुणाला विचारत नाहीत की आता कशाला आलास. उठता येत नाही, तरी आलेल्या प्रत्येकाचा यथोचित मान राखतात.

हे वाचताना मला बॉबी रॉबसन आठवले. फुटबॉल बघणाऱ्यांना नाव माहीत असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या डरहॅम भागातल्या खाणकामगाराचा मुलगा. इप्सविचसारख्या छोट्या क्लबला त्यांनी १९७८ मध्ये एफए कप आणि १९८१ मध्ये युएफा कप जिंकून दिला. पुढे इंग्लंड, पोर्टो, बार्सिलोना, आणि शेवटी लहानपणापासून ज्याच्यावर जीव होता तो न्यूकॅसल क्लब. २००४ साली त्या क्लबने त्यांना काढून टाकलं. लोकांनी नाही काढलं. (नावं विसरण्यात ते प्रसिद्ध होते. आपल्याच कॅप्टनला, ब्रायन रॉबसनला, त्यांनी 'बॉबी' म्हणून हाक मारली आणि त्याने सांगितलं की बॉबी तुम्ही, मी ब्रायन, असा किस्सा अजून सांगतात.)

१९९२ पासून त्यांना पाच वेळा कॅन्सर झाला. पाचव्या वेळचा बरा होणारा नव्हता. तेव्हा, २००८ मध्ये, त्यांनी एक फाउंडेशन सुरू केलं. न्यूकॅसलच्या फ्रीमन हॉस्पिटलमध्ये कॅन्सरच्या नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी केंद्र हवं होतं, त्याला ५ लाख पौंड लागणार होते. लोकांनी ते काही आठवड्यांतच जमवून दिले. ज्या माणसासाठी काहीच करता येत नव्हतं, त्याने लोकांना करायला काहीतरी दिलं.

२६ जुलै २००९, रविवार. न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कवर एक मॅच ठेवली होती: १९९०च्या वर्ल्डकप सेमीफायनलमधले इंग्लंड आणि जर्मनी पुन्हा समोरासमोर. लक्षात घ्या, ती सेमीफायनल रॉबसन यांचा इंग्लंड संघ पेनल्टीवर हरला होता. ज्यांनी हरवलं, तेच जर्मन त्यांच्यासाठी आले. सुमारे ३३ हजार लोक आले. रॉबसन व्हीलचेअरवर मैदानात आले, खेळाडूंना भेटले. पाच दिवसांनी, ३१ जुलैला, ते गेले. मग स्टेडियमवर लोकांनी जर्सी आणि स्कार्फ आणून ठेवले. त्यात संडरलंडचे लाल-पांढरे स्कार्फही होते. न्यूकॅसल आणि संडरलंड यांचं वैर ज्याला माहीत आहे, त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

तुलना फार ताणू नये. भीष्म ते भीष्मच. पण एक गोष्ट दोन्हीकडे आहे: आलेली माणसं त्या खंगलेल्या शरीराला घाबरली नाहीत.

आपण घाबरतो. आपल्याकडे त्यासाठी छान वाक्यही तयार आहे: "त्यांना तसं बघवत नाही हो." मला हरिपाठ शिकवणारे काका पक्षाघाताने अंथरुणाला खिळले, तेव्हा मी वर्षभर हेच म्हणत होतो. लोकलने चाळीस मिनिटांचं अंतर. माझ्या डोक्यात ते पेटीवर बसलेले, खणखणीत आवाजाचे काका होते आणि मला तेच जपायचे होते. दशक्रियेला मात्र वेळेवर पोहोचलो. तिथे काकू म्हणाल्या, "दार वाजलं की ते मान वळवायचे."

तेव्हा मोह कुठला? मला वाटतं, मोह माझा होता. मला माणसापेक्षा माझ्या मनातलं त्याचं चित्र प्रिय होतं. रात्री जागणाऱ्या त्या मुलाचा नव्हे.

आता अध्यायाचा शेवट बघा. भीष्म आलेल्यांना स्वतःच्या वेदना सांगत बसत नाहीत. ते पांडवांच्या हालांबद्दल बोलतात, कुंतीने काय सोसलं ते बोलतात, युधिष्ठिरांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. मग सगळ्यांची नजर समोर बसलेल्या कृष्णाकडे वळवतात आणि स्वतःही तिकडेच बघत राहतात. आठवण कोणती काढतात? रणांगणावरची. धुळीने माखलेले केस, घाम, आपल्याच बाणांनी फुटलेलं चिलखत, रथाचं चाक उचलून आपल्यावरच धावून येणारा देव. तो समोर उभा ठाकलेला असतानाही प्रिय होता.

उत्तरायण लागतं, भीष्म देह ठेवतात, सगळे गप्प होतात. आणि मग एक छोटासा उल्लेख येतो: उत्तरक्रिया करून युधिष्ठिर एक मुहूर्तभर दुःखी झाले. इतकं ज्ञान ऐकून, साक्षात कृष्ण शेजारी असून, धर्मराज दुःखी झाले. आणि भागवताने त्यांना त्याबद्दल एका शब्दाने टोकलेलं नाही.

हे मी त्या मुलाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग मी पत्र लिहू का क्लबच्या पत्त्यावर? त्यांच्यापर्यंत पोहोचेल की नाही काय माहीत." मी म्हटलं, आज लिही, रविवारपर्यंत थांबू नकोस. मग फोन ठेवला आणि काकूंना लावला. बऱ्याच महिन्यांनी.

उद्याचं वाचन: अध्याय १०. कृष्ण द्वारकेला निघतात आणि हस्तिनापूरच्या बायका त्यांना बघायला गच्च्यांवर चढतात.