जखम, मलम आणि मोजपट्टी

डिचोलीतील माझ्या दवाखान्यात पेडण्याहून एक मुलगा येत असे. कण्याच्या जन्मजात दोषामुळे त्याचे तळपाय बधिर होते. टाचेची जखम कित्येक महिने भरत नव्हती. नवे मलम दिले आणि पायावर भार देणेही बंद केले. जखम भरली. मोजमाप न घेताच श्रेय मी मलमाला दिले. पुढे दुसऱ्या मुलाला केवळ मलमच दिले. त्याची जखम हाडापर्यंत गेली.

दीर्घकालीन जखमांवरील संशोधनातही हा धोका असतो. म्हणून उपचारगट चिठ्ठीने ठरवावेत, पायावरील भार दोन्ही गटांत सारखाच टाळावा, मोजणाऱ्यास उपचार ठाऊक नसावा आणि मध्येच येणे थांबवणाऱ्यांचाही हिशेब द्यावा. भारतात २००७ पासून चिकित्सा-चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे. पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच तीत अभ्यास नोंदवावा. आपल्या केसपेपरवर जखमेची लांबी-रुंदी लिहिण्यास मात्र आजच आरंभ करता येईल.