स्लॅक म्हणजे सैल, पण...

गेल्या सत्रात क्लाइंबिंग वॉलवर माझी पाळी होती. खाली दोर धरून माझा केरळचा कोर्समेट उभा होता. आमच्या दोघांची सामाईक भाषा इंग्रजी. बऱ्यापैकी वर गेल्यावर पाहतो तर कमरेपाशी दोराला झोल आलेला. तो झोल त्याने ओढून घ्यावा म्हणून मी ओरडलो, 'टेक इन द स्लॅक!' वारा सुटला होता. त्याला ऐकू गेला फक्त शेवटचा शब्द. शिकवल्याप्रमाणे त्याने हातभर दोर आणखी सोडला आणि त्याच क्षणी माझा पाय निसटला. तीन-चार फूट खाली येऊन लटकलो. कोपर सोलवटलं, एवढ्यावर निभावलं.

उस्तादांनी दोघांनाही समोर उभं केलं. गिर्यारोहणात 'स्लॅक' ही आज्ञा आहे: दोर सोड. ओढून घ्यायचा असेल तर फक्त 'टेक इन' म्हणायचं, त्या वाक्यात स्लॅक येताच कामा नये. म्हणजे कोर्समेटचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती.

रात्री शब्दकोश उघडला. मला वाटत होतं, स्लॅक म्हणजे सैल, संपलं. पण मराठीत आपण दोर सैल म्हणतो, कारभार ढिला, नियम शिथिल आणि धंदा मंद. 'बाजार सैल आहे' असं कोणी म्हणत नाही. इंग्रजी या सगळ्यांना एकाच शब्दात उरकते.

नौदलात जाऊ इच्छिणाऱ्यांनी 'स्लॅक वॉटर' लक्षात ठेवावं. भरती आणि ओहोटी यांच्या मध्ये प्रवाह जवळजवळ थांबतो, ती वेळ. जोरदार प्रवाहाच्या अरुंद वाटेतून जहाज न्यायला हीच वेळ सोयीची. इथे स्लॅकमध्ये आळस मुळीच नाही. 'स्लॅकर'मध्ये मात्र तो पुरेपूर आहे: कामचुकार. 1914-18 च्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सैन्यात जायचं टाळणाऱ्यांना हाच शब्द चिकटवला जाई. कोळशाच्या बारीक चुऱ्यालाही स्लॅक म्हणतात, पण तो शब्द वेगळ्या कुळातला मानतात. आणि आमची आई धाकटीच्या घट्ट लेगिंगला 'स्लॅक्स' म्हणते! इंग्रजांची स्लॅक्स ही साधी, सैलसर पँट.

एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषा जुळतात. 'कट मी सम स्लॅक' म्हणजे जरा सांभाळून घे, थोडी सूट दे. आपण पतंगाला ढील देतो आणि 'पोराला फार ढील दिलीत' असंही म्हणतो. चित्र तेच, हातातून दोरी सोडण्याचं. ज्युनिअर्सनी हा वाक्प्रचार मित्रांत वापरावा, उस्तादांसमोर नको.

परवा त्याच भिंतीवर पुन्हा चढलो. अर्ध्या वाटेवर तसाच झोल आला. या वेळी मी दोनच शब्द ओरडलो आणि कमरेपाशी दोर लगेच ताठ झाला.