जे. जे.चं साल काढू नकोस

चि. सोनू,


बायोडेटातून जे. जे. कला महाविद्यालयातल्या शिक्षणाचं साल काढून टाकू का, हा तुझा प्रश्न आधी घेते. काढू नकोस. साल काढलंस तरी पहिल्या पाच मिनिटांत समोरच्याला अंदाज येतोच, आणि मग उरलेली मुलाखत तू अंग चोरून देतेस. बायोडेटा मात्र छाट. पहिल्या दहा वर्षांचं काम दोन ओळींत येऊ दे. एवढं लांबण कोणी वाचत नाही, तिशीतल्या उमेदवाराचंही नाही. आणि केस रंगवायचे असतील तर तुला आवडतात म्हणून रंगव.

‘आमची टीम तरुण आहे, तुम्हाला जमेल ना?’ असं त्या एजन्सीच्या मुलाखतीत विचारलं आणि तुझी झोप उडाली. सोनू, हा अन्याय आहे. तुझ्या कामात काय आहे, काय नाही, हे न पाहता जन्मसाल पाहणं चूकच आहे. अमेरिकेत चाळीस आणि त्यापुढच्या नोकरदारांना यापासून संरक्षण देणारा कायदा १९६७ मध्येच झाला, ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यातही वयाचा उल्लेख आहे. आपल्या घटनेच्या १५व्या आणि १६व्या कलमांत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान आहे, वय नाही. खासगी नोकरीत वयावरून नाकारलं म्हणून दाद मागावी, असा वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. तेव्हा त्या मुलाखतीपायी वकिलावर पैसे घालवू नकोस.

पण सध्याच्या ठिकाणी एचआरवाल्यांनी ‘स्वतःहून राजीनामा दिलात तर बरं दिसेल’ असं सुचवलंय, तिथे घाई नको. बरं कोणाला दिसेल, ते विचार. राजीनामा दिलास की नोटिशीचा पगार आणि भरपाई मागताना तुझीच बाजू लंगडी पडते. कागद घरी आण, सावकाश वाच, जे काही ठरेल ते लेखी घे. पाच वर्षं पूर्ण केलेल्याला दर वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाइतकी ग्रॅच्युइटी मिळते, तीही ३० दिवसांत. ते तुझे पैसे आहेत, मागताना संकोच करू नकोस.

आता नकाराकडे नीट बघ. वयाचं नाव काढणारे लोक बहुतेक वेळा पगाराबद्दल बोलत असतात. तुझ्या एका पगारात दोन नवी मुलं येतात, आणि कंपन्या एकमेकींत विलीन होतात तेव्हा पहिली कात्री तिथेच चालते. यावर तुझ्याकडे इलाज नाही, म्हणून ते मनाला लावून घेऊ नकोस. काही वेळा बत्तिशीतल्या क्रिएटिव्ह डायरेक्टरला आपल्याहून जास्त जाणणारं माणूस हाताखाली नको असतं. त्याची धास्ती तू थोडी कमी करू शकतेस. ‘आम्ही तेव्हा असं करायचो’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नकोस, त्याच्या चालू कॅम्पेनबद्दल नेमकं काही विचार. आणि काही वेळा, सोनू, आपल्याला खरंच एखादी गोष्ट येत नसते. मोशनचं काम तू कायम दुसऱ्याकडून करून घेतेस. एआयचं नाव काढलं की तुझ्या कपाळाला आठी पडते. दोन्ही शिक. नंतर वापरायचं नाही असं ठरवलंस तरी चालेल, पण ते येत असताना ठरव.

मी एवढं टोकून सांगते, कारण मॅक संगणक आला तेव्हा फोर्टातल्या स्टुडिओंत जे झालं ते मी पाहिलंय. आमचे पेस्ट-अप आर्टिस्ट ब्रोमाइडच्या पट्ट्या कटरने कापत, मागून काऊ गम लावत आणि टी-स्क्वेअरला धरून ओळ जुळवत. दोन अक्षरांतली फट केसभर जास्त वाटली तर लावलेली पट्टी उचलून पुन्हा कापत. ती नजर शाबूत होती. तिला नवं हत्यार द्यायला मालकांना सवड झाली नाही, आणि त्या आर्टिस्टांनीही मागितलं नाही, पोरांपुढे शिकायची लाज वाटली म्हणून. चांगली चांगली माणसं घरी बसली. मला त्याचा अजून राग येतो.

तुझी नजर काय आहे ते ऐक. दसऱ्याच्या आधी मी तुझ्याकडे होते, तेव्हा एका सराफी पेढीची मराठी जाहिरात तुझ्या टीममधल्या मुलांनी तपासायला पाठवली होती. तू लॅपटॉपकडे पाहिलंस आणि फोनवर सांगितलंस, ‘दुसऱ्याचं दुसर्या झालंय, जोडाक्षरांचे पाय मोडलेत, म्हणजे इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर लावलेला नाही. आणि चार रंगांच्या गडद पार्श्वभूमीवर ही बारीक पांढरी अक्षरं वर्तमानपत्राच्या कागदावर भरून जातील, ती जाड करा.’ चहा निवायच्या आत झालं हे. तसंच छापलं गेलं असतं तर पानभर जाहिरातीचे पैसे पाण्यात गेले असते. यातलं तुझ्या पोर्टफोलिओत काय आहे? काहीच नाही. तिथे नुसती छापून आलेली देखणी पानं आहेत, आणि देखणं पान आता कोणीही दाखवतं. प्रत्येक कामाशेजारी त्याचा आधीचा मसुदा लाव, काय बदललंस आणि का, ते दोन वाक्यांत लिही. कामं गेल्या तीन वर्षांतली घे. जुनं एखादंच ठेव, आजही उभं राहील असं.

र. कृ. जोशींचं काम तू जे. जे.त असताना पाहिलं असशीलच. १९३६ चा जन्म, उल्कासारख्या एजन्सीत वर्षानुवर्षं जाहिरातीचं काम, मग पवईच्या आयआयटीत शिकवणं, आणि साठीच्या सुमारास जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संस्थेत संगणकासाठी भारतीय लिप्यांची अक्षरं. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ फॉन्ट त्यांचा. त्यांच्यासारखी झेप सगळ्यांना जमणार नाही, मलाही जमली नसती. पण अक्षर जाणणाऱ्या माणसाची जिथे खरी निकड होती तिथे ते गेले, एवढं तर आपल्याला करता येतं. तू त्याच चार एजन्सींच्या दारात का उभी आहेस? बँकांची मराठी ॲप्स उघडून बघ, औषधांची मराठी पत्रकं बघ, शाळेची पुस्तकं काढणारे प्रकाशक बघ. तिथे देवनागरी रोज मोडते आणि ती मोडलीय हे सांगणारं कोणी नसतं.

असं काम घेशील तेव्हा आधी ‘उद्यम’ नोंदणी कर, ती फुकट आणि ऑनलाइन होते. लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. बिलावर उद्यम क्रमांक छापलास की हिशेबनीसही जरा सावध होतो.

अशा कामासाठी तासाचा दर सांगू नकोस. तू पटकन करतेस, तासाच्या दरात तुझंच नुकसान आहे. पूर्ण कामाचा आकडा सांग आणि निम्मे पैसे आगाऊ माग. पोर्टफोलिओची पहिली चार पानं रविवारपर्यंत पाठव, शब्दांवरून मी हात फिरवते.

तुझी,
आत्या