खासगी जमिनीवरील वृक्ष : मालकी, तोड आणि संरक्षणाचे नियम

शेताच्या बांधावर उभा असलेला साग शेतकऱ्याच्या मालकीचा असतो. तथापि तो तोडण्याचा अधिकार त्या मालकीतून आपोआप प्राप्त होत नाही. अडीअडचणीच्या प्रसंगी आधार व्हावा म्हणून वीस-पंचवीस वर्षे जोपासलेले झाड ऐन गरजेच्या वेळी परवानगीअभावी विकता येत नाही, किंवा परवानगीची जबाबदारी व्यापाऱ्यावर सोपवून उभेच कमी दरात द्यावे लागते. म्हणून वृक्षतोडीच्या नियमांचा विचार तोडणीच्या वेळी नव्हे, तर लागवडीच्या वेळीच होणे आवश्यक आहे.

नियमांचे स्वरूप

वृक्षतोडीसंबंधीचे नियम राज्यागणिक भिन्न आहेत. सर्वसाधारणपणे वृक्षाची जात, तो उभा असलेली जागा आणि जमीनधारकाचा प्रकार या तीन बाबींवर परवानगीची आवश्यकता अवलंबून असते. महाराष्ट्राच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते.

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये अनुसूचीत समाविष्ट असलेल्या जातींचे वृक्ष खासगी जमिनीवरूनही वृक्ष अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय तोडता येत नाहीत. साग, चंदन, खैर, हिरडा, मोह, बिजा, ऐन व अंजन या वनवृक्षांबरोबरच आंबा, फणस, चिंच आणि जांभूळ या फळझाडांचाही अनुसूचीत समावेश आहे. जुनी आमराई काढून नवीन कलमे लावू इच्छिणाऱ्या बागायतदारांच्या ही बाब अनेकदा लक्षात येत नाही. सुबाभूळ व निलगिरी या जाती मात्र या अनुसूचीत नाहीत.

नगरपालिका व महानगरपालिका क्षेत्रांत १९७५ चा नागरी क्षेत्रांतील वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम लागू होतो. त्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची स्थापना, वृक्षगणना आणि तोडलेल्या वृक्षाच्या बदल्यात नवीन लागवड या तरतुदी आहेत. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या वृक्षांना वारसा वृक्षांचा दर्जा मिळाला असून, तोडलेल्या वृक्षाच्या वयाइतकी झाडे लावण्याचे तत्त्व स्वीकारण्यात आले आहे. शहराची हद्द वाढून शेतजमीन तिच्यात समाविष्ट झाली, तर त्या जमिनीवरील वृक्षांना लागू होणारा कायदाही बदलतो. अनुसूचित जमातींच्या खातेदारांच्या जमिनीवरील वृक्षांची विक्री १९६९ च्या स्वतंत्र अधिनियमाने नियंत्रित केली असून, त्यांच्या फसवणुकीला आळा घालणे हा तिचा हेतू आहे.

संरक्षण आणि लागवड यांतील ताण

मातीची धूप रोखणे, भूजलाचे पुनर्भरण आणि पक्षी-कीटकांना आश्रय हे वृक्षाचे लाभ बांधाच्या पलीकडेही पोहोचतात. म्हणून त्याच्या तोडीवर नियंत्रण ठेवणे समर्थनीय ठरते. परंतु कापणीची खात्री नसल्यास शेतकरी लागवडच टाळतो, आणि रक्षणासाठी केलेला नियम वृक्षांची संख्या वाढण्याच्या आड येतो. चंदनाच्या बाबतीत असेच घडले. कर्नाटकाने २००१ मध्ये आणि तमिळनाडूने २००२ मध्ये कायद्यात सुधारणा करून खासगी जमिनीवरील चंदनाची मालकी जमीनधारकाला दिली. त्यानंतरच शेतकऱ्यांची चंदन लागवड वाढीस लागली. केरळने २००५ मध्ये वनेतर क्षेत्रांतील वृक्षवाढीस प्रोत्साहन देणारा अधिनियम केला. बांबूला भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील वृक्षाच्या व्याख्येतून २०१७ च्या सुधारणेने वगळण्यात आले.

राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण, २०१४ मध्येही तोड व वाहतुकीचे नियम सुलभ करण्यावर भर देण्यात आला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये लाकूड, बांबू व गौण वनोपजाच्या वाहतुकीसाठी राष्ट्रीय स्तरावरील ऑनलाइन परवाना प्रणाली देशभर सुरू झाली. शेतजमिनीवरील वृक्षतोडीसाठी केंद्र शासनाने जून २०२५ मध्ये आदर्श नियम राज्यांना पाठविले. त्यांत लागवडीची ऑनलाइन नोंदणी केंद्रस्थानी आहे.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

लागवडीपूर्वी निवडलेली जात आपल्या राज्याच्या अनुसूचीत आहे किंवा नाही, याची वन विभागाच्या कार्यालयात खात्री करून घ्यावी. लागवड होताच जात, संख्या व वर्ष यांची महसुली अभिलेखात नोंद करावी. महाराष्ट्रात ई-पीक पाहणी ॲपमध्ये बांधावरील झाडांची नोंद करण्याची सोय आहे. रोपांच्या खरेदीची पावती आणि दिनांकासह छायाचित्रे जपून ठेवावीत. झाड सामाईक बांधावर असल्यास शेजारच्या खातेदाराची लेखी संमती घ्यावी. तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा परवाना या स्वतंत्र बाबी आहेत. पहिली मिळाली म्हणून दुसरा गृहीत धरू नये. वादळाने कलंडलेले किंवा जीवितास धोकादायक झालेले झाड हटविण्यापूर्वी छायाचित्र काढून संबंधित अधिकाऱ्यास तत्काळ लेखी कळवावे.

झाड कोणी, केव्हा आणि कोठे लावले हे कागदोपत्री सिद्ध करता आले, तर ते नैसर्गिक वाढीचे नसून जोपासलेले आहे हे दाखविणे सुकर होते. रोपाला पहिले पाणी देतानाच केलेली ही नोंद पंचवीस वर्षांनंतर त्या झाडाचे योग्य मोल मिळवून देण्यास उपयोगी पडते.