रोवन लावायचा तर

एडिनबरात घर घेतलंस, पुढे चार हात जमीन आहे आणि रोवनचं झाड लावायचं म्हणतोस, तर माझं ऐक. आपल्याकडे दारात तुळस, तसा इकडे जुन्या घरांच्या दाराशी रोवन. चेटकीण उंबरा ओलांडत नाही म्हणायचे. तो तोडणं आजही अशुभ मानणारे लोक आहेत. म्हणून जागा आधी नीट ठरव, मागाहून कुऱ्हाड चालवायची वेळ नको. झाड तीस-चाळीस फूट जातं. भिंतीपासून पंधरा फूट तरी लांब लाव.

दुकानातल्या कुंडीतल्या मोठ्या झाडाला भुलू नकोस. पानं गळलेलं, उघड्या मुळांचं छोटं रोप घे. स्वस्त पडतं आणि लवकर रुजतं. नोव्हेंबर ते मार्च केव्हाही लाव, फक्त जमीन गोठलेली नको. मुळं वाऱ्यावर क्षणभरही सुकू देऊ नकोस, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेव. खड्डा रुंद कर, खोल नको. बुंध्यावर जुन्या मातीची खूण दिसते, ती जमिनीच्या पातळीला आली पाहिजे. त्याखाली पुरलंस तर खोड कुजतं. खड्ड्यात खताची रास ओतू नकोस. रोवन डोंगरातला, हलक्या आंबट मातीत खूश असतो. पाणी साचणारी जागा मात्र त्याला सोसत नाही.

खुंट बुटका ठोक. शेंडा वाऱ्यावर हलला की खोड जाड होतं. दोन वर्षांनी खुंट काढ. बुंध्याभोवती हातभर गवत येऊ देऊ नकोस, कारण कोवळ्या रोपाचं पाणी तेच पितं. पालापाचोळ्याचं आच्छादन घाल, पण ते खोडाला चिकटू देऊ नकोस. आणि ‘इकडे रोजच पाऊस’ म्हणून निवांत राहू नकोस. पहिले दोन उन्हाळे, आठवडा कोरडा गेला की दोन बादल्या पाणी घाल.

छाटणी जवळजवळ नाहीच. वाळलेली किंवा एकमेकींवर घासणारी फांदी हिवाळ्यात काढ. उन्हाळ्यात एखादी डहाळी भाजल्यासारखी काळी पडून वाकली, तर तो फायरब्लाइट रोग. बराच खाली, निरोगी लाकडापर्यंत काप आणि करवत स्पिरिटने पूस.

ऑगस्ट-सप्टेंबरात फळं लाल होतात. कच्ची खाऊ नकोस, पोट बिघडतं. त्यातलं पॅरासॉर्बिक आम्ल शिजवल्यावर निवळतं. सफरचंद घालून जेली कर, तुरट-आंबट लागते. हरणाच्या मटणाबरोबर खातात इकडे, मला विचारशील तर थालीपिठाबरोबर जास्त चांगली. वरचे घोस पक्ष्यांना सोड. थंडीत फील्डफेअर येतात, एखाद्या साली स्कँडिनेव्हियाकडचे वॅक्सविंगही.

जागा फारच लहान असेल तर काश्मीरचा रोवन बघ. ठेंगणा, आणि फळं पांढरीशुभ्र; पानं गळल्यावरही बरेच दिवस टिकतात. पण जो घेशील तो नर्सरीत उन्हाळ्यातच सांगून ठेव, नोव्हेंबरात चांगली रोपं उरत नाहीत.